आळीतली मांजरं: हाकलायची नाहीत, वाढवायचीही नाहीत

वस्तीत मांजरं वाढली की दोन प्रकारची माणसं पुढे होतात. एक म्हणतात, ‘पोत्यात घाला आणि लांब कुठंतरी सोडून या.’ दुसरी ताटली घेऊन खाली उतरतात. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पण वर्षभरानं मोजदाद केली तर दोघांच्याही आळीत मांजरं तितकीच असतात, बऱ्याचदा जास्त.

हाकलण्यानं संख्या का घटत नाही, ते आधी पाहू. मांजर एखाद्या जागी टिकतं ते तिथं खायला आणि आडोसा मिळतो म्हणून. मांजर उचललं तरी कचरा, उंदीर आणि जिन्याखालची कोरडी जागा तिथंच राहते. आजूबाजूची मांजरं ती जागा धरतात आणि मागे राहिलेल्यांच्या पिल्लांना जास्त खायला मिळून त्यातली जास्त जगतात. टास्मानियाच्या जंगलात रानटी मांजरं थोडी थोडी मारून पाहिली, तेव्हा कॅमेऱ्यांत दिसणाऱ्या मांजरांची संख्या उलट वाढली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. शिवाय लांब नेऊन सोडलेल्या मांजराला तिथली मांजरं उभं राहू देत नाहीत, पाणी कुठं मिळतं हे त्याला ठाऊक नसतं, आणि परत यायला निघालं तर गाडीखाली येण्याची भीती.

आता ताटलीवाल्यांचा हिशोब. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते. गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. एका वेतात चारेक पिल्लं सहज होतात आणि ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते. पोटभर खाणारी मांजरी जास्त पिल्लं जगवते. त्यातली बरीच पहिल्या काही महिन्यांत आजारानं, अपघातानं मरतात. ताटली ठेवणाऱ्याला ही मरणं फारशी दिसत नाहीत.

यातून निघालेला मार्ग म्हणजे मांजर पकडायचं, नसबंदी आणि लसीकरण करायचं, आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. त्याला टीएनआर (ट्रॅप-न्यूटर-रिटर्न) म्हणतात. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात हे काम १९९१ पासून केलं गेलं. त्या आवारातली मांजरं ६८ वरून २३ वर आल्याची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली. पण तिथं नोंदवलेल्या मांजरांपैकी जवळपास निम्म्यांना घरं मिळाली होती, हे सांगायला लोक विसरतात. रोममध्ये १९९१ ते २००० या काळात आठ हजारांच्या आसपास भटक्या मांजरांची नसबंदी झाली. संख्या घटली खरी, पण बाहेरून आलेल्या आणि लोकांनी आणून सोडलेल्या मांजरांनी बरीचशी भर पुन्हा घातली. म्हणजे नसबंदी करत राहायची, माणसाळलेल्यांना घरं शोधायची आणि घरातल्या पाळीव मांजरांचीही नसबंदी व्हायला हवी. यातलं एक जरी सुटलं तरी बाकीच्यावर पाणी पडतं.

एक अपवाद इथंच सांगून टाकते. जमिनीवर घरटी करणारे दुर्मीळ पक्षी जिथं आहेत, विशेषतः बेटांवर, तिथं मांजर परत सोडणं योग्य नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरचा न उडणारा छोटा पक्षी १८९०च्या दशकात मांजरं पोचल्यावर काही वर्षांतच नामशेष झाला. अशा जागी मांजरांना घर किंवा बंदिस्त निवारा शोधावा. पुढचं सगळं नेहमीच्या मानवी वस्तीबद्दल आहे.

पहिली पायरी: बघा आणि मोजा

लगेच पिंजरा आणायला धावू नका. आठवडाभर सकाळी लवकर आणि अंधार पडताना फेरी मारा. प्रत्येक मांजराचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, कारण डावीकडून सारखी दिसणारी दोन काळी-पांढरी मांजरं उजवीकडून वेगळी निघतात. वहीत रंग, खूण, नर की मादी, कान, कुठं दिसलं, एवढं लिहा.

नर-मादी लांबून ओळखायला थोडी मदत रंगाची होते. काळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग एकत्र असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. पूर्ण केशरी मांजर बहुतेक वेळा बोका असतो. मोठं डोकं आणि फुगलेले गाल असले तर तो नसबंदी न झालेला, वयात आलेला बोका.

कान नीट बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो.

मग ठरवायचं की मांजर हरवलेलं किंवा टाकून दिलेलं आहे, की माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेलं, पुरतं बुजरं. हरवलेलं मांजर दिवसाढवळ्या दिसतं, तुमच्याकडे बघतं, म्याऊ करतं, शेपटी उभी धरून दोन पावलं पुढे येतं. बुजरं मांजर जमिनीलगत सरकतं, नजर टाळतं आणि माणसाशी आवाजानं बोलत नाही. गंमत अशी की मळकट, केसांच्या गाठी झालेलं मांजर बहुधा हरवलेलं असतं. रस्त्यावरच जन्मलेलं आपली निगा राखायला शिकलेलं असतं, त्याची कातडी चांगली तुकतुकीत दिसते. पिंजऱ्यात अडकलेलं कुठलंही मांजर रानटीच वाटतं, त्यामुळे तिथं घाईनं निष्कर्ष काढू नका. हरवलेलं वाटलं तर आधी मालकाचा शोध घ्या, डॉक्टरांकडे मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली, मालकाचा पत्ता लावून देणारी बारीक चिप) तपासून घ्या.

दुसरी पायरी: ताटलीला वेळ लावा

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विचाराल तर मी पिंजऱ्याचं नाव घेणार नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाणं. दिवसभर भरून ठेवलेली ताटली तुम्हाला काहीच सांगत नाही. ठरलेल्या वेळेची ताटली सगळं सांगते: कोण आलं, कोण लंगडतंय, कुणाचं पोट मोठं दिसतंय, कोण दोन दिवस गायब आहे, कुणी नवीन घुसलंय. पकडायचं मांजर त्या वेळी भुकेलं आणि हजर असण्याची खात्रीही तिथूनच मिळते.

खाणं अर्ध्या तासासाठी ठेवा. मग उरलेलं उचला, जागा पुसा, ताटल्या घरी न्या. मुंग्या, माश्या, उंदीर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी, चारही गोष्टी या एका सवयीनं कमी होतात. रात्री उशिरा खाणं टाकून ठेवू नका. पाण्याचं भांडं मात्र कायम असू द्या आणि रोज बदला.

जागा रहदारीपासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि कुणाच्याही दारापासून दूर निवडा.

काय घालायचं? मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर नजर जाते आणि हृदय कमकुवत होतं. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला रोज घालू नये. गाईचं दूध मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, जुलाब होतात. चित्रांतल्या मांजरापुढे दुधाची वाटी कुणी ठेवली कोण जाणे, ती तिथंच राहू द्या. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको. कच्चे मासे रोज नकोत, त्यांतल्या काहींमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

तिसरी पायरी: माणसं

मांजरांपेक्षा हे अवघड. तुमच्याआधी तिथं दोन-तीन जण गुपचूप खायला घालत असतील. त्यांना शोधा, कारण पकडण्याच्या आदल्या रात्री त्यांनी खाणं थांबवलं नाही तर पिंजऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

ज्यांना मांजरं अजिबात नकोत त्यांच्याकडेही जा, आणि त्यांच्याकडे आधी जा. प्राणिप्रेमाचं भाषण देऊ नका. त्यांना नेमका त्रास काय होतो ते विचारा. रात्रीचं ओरडणं, बोक्यांच्या मुताचा वास, भांडणं आणि पिल्लं, यातल्या बहुतेक गोष्टींवर नसबंदी हाच उपाय आहे. ‘तुमचा त्रास कमी करण्यासाठीच हे चाललंय’ हे वाक्य खरं आहे, म्हणून ते बेधडक म्हणा. जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्या, आपल्या भागातले नियम आधी माहीत करून घ्या, आणि शक्य असेल तर परवानगी लेखी घ्या.

चौथी पायरी: डॉक्टर आधी, पिंजरा नंतर

मांजर पिंजऱ्यात आल्यावर डॉक्टर शोधायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. बुजऱ्या मांजरांवर काम करायची तयारी असलेले पशुवैद्य शोधा आणि त्यांच्याशी या गोष्टी आधी बोला: पिंजऱ्यातूनच भूल देतात का, टाके विरघळणारे घालतात का (बुजरं मांजर टाके काढायला परत सापडत नाही), वेदनाशामक इंजेक्शन देतात का, रेबीजची आणि मांजरांच्या तीन आजारांवरची तिहेरी लस त्याच वेळी देतात का, आणि कानाचं टोक कापतात का. मोठ्या मांजराच्या कानाचं साधारण एक सेंटीमीटर टोक भुलीखाली कापतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामुळे त्या मांजरीचं पोट दुसऱ्यांदा उघडायची वेळ येत नाही. गाभण मांजरी निघाली तर काय करायचं, हेही आधीच ठरवा. पोट उघडल्यावर तुम्हाला फोन करून विचारायला वेळ नसतो.

एक भाग हाती घेतला की तो पुरा करा. दहा मांजरांतल्या तिघांची नसबंदी करून पुढच्या आळीत गेलात तर उरलेल्या माद्या ती तूट भरून काढतात. बहुसंख्य मांजरांची नसबंदी झाल्याशिवाय संख्या हलत नाही. सगळ्यांना एकदम नेणं शक्य नसेल तर आधी माद्या.

पाचवी पायरी: पकडण्याचा दिवस

आठवडाभर आधीपासून पिंजरा ताटलीच्या जागी नेऊन ठेवा. दार बांधून उघडं ठेवा, झडप मिटणार नाही याची खात्री करा, आणि खाणं रोज थोडं थोडं आत सरकवा. ज्या दिवशी मांजरं बिनधास्त आत बसून जेवतात, त्या दिवशी तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

पकडायच्या आदल्या दिवशी नेहमीचं खाणं बंद, पाणी चालू. भूक असली तरच मांजर आत शिरतं आणि भुलीसाठीही रिकामं पोट बरं. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, त्यांचं डॉक्टरांना विचारा.

पिंजरा सपाट जागी, भिंतीच्या कडेला ठेवा. हलला तर मांजर पाय मागे घेतं. तळाशी वर्तमानपत्र पसरा, जाळीवर पाय ठेवणं मांजरांना आवडत नाही. वास मारणारा मासा सगळ्यात आतल्या टोकाला, दाबपट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की दार पडतं) पलीकडे ठेवा आणि दारापासून तिथपर्यंत अगदी बारीक तुकड्यांची वाट करा. जास्त टाकलं तर ते दारातच पोट भरून निघून जाईल.

मग लांब जाऊन बसा, पण पिंजरा नजरेआड होऊ देऊ नका. लावलेला पिंजरा तसाच टाकून कधीही जायचं नाही. ऊन, पाऊस, कुत्री आणि कुतूहलानं दार उघडणारी माणसं, कशातूनही अपघात होतो.

दार पडलं की मांजर जोरात धडका मारायला लागतं. नवख्या माणसाचं काळीज इथंच हलतं आणि तो दार उघडून देतो. उघडू नका. जाड चादर आधीच हातात ठेवा आणि चारही बाजू झाकून टाका. अंधार झाला की बहुतेक मांजरं काही क्षणांत शांत होतात. जाळीतून बोट घालून गोंजारायचा मोह टाळा.

चादरीची कड उचलून दोन गोष्टी बघा. कानाचं टोक कापलेलं असेल तर तिथंच सोडून द्या. पोटावरचे केस झडलेले, सडं लांब आणि ओढलेली दिसली तर ती पाजती आई आहे, म्हणजे कुठंतरी पिल्लं आहेत. तिला सोडायचं की न्यायचं हे पिल्लांचं वय, ठिकाण आणि ती पुन्हा हाती लागेल का, यावर ठरतं. नसबंदी झाली तरी तिचं दूध आटत नाही. त्यामुळे त्याच दिवशी शस्त्रक्रिया करून लवकर परत पोचवता येत असेल, तर तो मार्ग खुला आहे.

एका पिंजऱ्यात एकच मांजर. बंद गाडीत पिंजरा ठेवून चहाला जाऊ नका, उन्हात गाडी काही मिनिटांत भट्टी होते. पोतं, फास आणि उघडे हात हे प्रकार बुजऱ्या मांजरासाठी नाहीत. माणसाच्या झोपेच्या गोळ्या खाण्यात मिसळून मांजर पकडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुढचाही सल्ला घेऊ नका.

एखादी मांजरी इतकी हुशार निघते की सगळी आळी झाली तरी ती पिंजऱ्याकडे बघत बसते. तिच्यासाठी वरून पडणारा पिंजरा वापरतात. मोठी हलकी चौकट काठीवर तोलून धरायची, काठीला दोरी बांधायची, आणि ती खाली जेवायला आली की दोरी ओढायची. तिला कुठल्याही बोळात शिरावं लागत नाही, म्हणून ती फसते.

सहावी पायरी: शुद्धीवर येईपर्यंत

परत आणलेलं मांजर झाकलेल्या पिंजऱ्यातच, शांत, उबदार, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवा. भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, ते बघून घाबरू नका. पूर्ण शुद्धीवर येऊन मान सावरेपर्यंत खाणं-पाणी देऊ नका, ठसका लागू शकतो. मग थोडं पाणी, थोडं खाणं.

बोका साधारण एक दिवस, मांजरी एक-दोन दिवस ठेवावी लागते, पण इथं डॉक्टरांचा शब्द शेवटचा. जखमेतून रक्त थांबत नसेल, मांजर कित्येक तास झाले तरी उठत नसेल, श्वास जड वाटत असेल तर लगेच फोन करा. आणि कितीही कळवळा आला तरी घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे, माणसाच्या एका गोळीनंसुद्धा मांजर मरू शकतं.

सोडताना तीच जागा. शांत वेळ निवडा, पिंजऱ्याचं तोंड रस्त्याच्या विरुद्ध दिशेला करा, दार उघडा आणि मागे उभे राहा. मांजर सुसाट पळेल आणि एक-दोन दिवस तोंड दाखवणार नाही. ताटली नेहमीच्या वेळी ठेवत राहा. बोका नसबंदीनंतरही काही आठवडे मादीला गाभण करू शकतो आणि मुताचा वास, ओरडणं हेही हळूहळूच ओसरतं. शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पिल्लं सापडली तर

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. कोपऱ्यात पिल्लं दिसली की लोक ती खोक्यात घालून घरी नेतात, आणि तासाभरानं आई रिकाम्या जागी येऊन हाका मारत फिरते. आई शिकारीला गेलेली असते, किंवा पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवत असते. तुम्ही जवळ उभे असाल तर ती येणारच नाही.

म्हणून लांबून बघा. पिल्लांभोवती पिठाची बारीक रेघ टाकून ठेवली की काही तासांनी पावलांचे ठसे सांगतात आई येऊन गेली का. पिल्लांची पोटं भरलेली, अंग स्वच्छ आणि सगळी एकमेकांना बिलगून निवांत झोपलेली असतील तर आई आहे. अंग थंड, मळकट, सतत केकाटणं आणि आत गेलेली पोटं असतील तर मात्र थांबू नका. पाणी भरत असलेल्या किंवा रस्त्यालगतच्या जागेतूनही लगेच हलवा.

वय असं ओळखा: डोळे मिटलेले तर आठ-दहा दिवसांच्या आतलं. डगमगत चालायला लागलं तर तीन आठवड्यांचं. स्वतः खायला लागलं तर चार-पाच आठवड्यांचं.

अनाथ पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंडगार पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही आणि जीव जातो. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, सरकायला जागा असू द्या. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, तीच वापरा. पाजताना पिल्लू पोटावर असावं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसानं खालची बाजू हळूच पुसावी लागते, कारण तीन-एक आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते. रोज एकाच वेळी वजन करा. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. वजन थांबलं किंवा घटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठा.

पिल्लं माणसाळायचा काळ छोटा असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. बुजऱ्या आईची पिल्लं स्वतः खायला लागली की, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, उचलून घरात वाढवली तर उत्तम पाळीव मांजरं होतात. तीन-चार महिन्यांचं बुजरं पिल्लू माणसाळवायला महिने जातात आणि तरी खात्री नसते. तुमच्याकडे जागा आणि वेळ मर्यादित आहे. तो लहानांना द्या, मोठ्यांची नसबंदी करून त्यांना त्यांच्या जागी राहू द्या. आईला पकडायचं असेल तर पिल्लं वेगळ्या बंद टोपलीत घालून ती पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला लावा आणि दोन्हींवर एकच चादर टाका. हाका ऐकून ती आत शिरते.

घर देताना नसबंदी करूनच द्या. पिल्लू साधारण एक किलोचं, दोन महिन्यांच्या पुढचं झालं की बरेच डॉक्टर करतात. ‘मोठं झालं की करू’ हे वचन फार थोडे पाळतात.

ज्यांच्या अंगणात मांजर नको

तेही त्यांचं म्हणणं आहे आणि त्यावर उपाय आहेत. भुसभुशीत माती दिसली की मांजर ती उकरतं, म्हणून रोपांभोवती जाळी अंथरून वर माती टाका किंवा खडबडीत दगड पसरा. हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं यंत्र चांगलं काम करतं. दूर एका कोपऱ्यात कोरड्या वाळूचा चौकोन करून दिला तर बरीच मांजरं तिकडे वळतात, पण तो रोज साफ करायला कुणीतरी बांधील हवं. कचऱ्याला घट्ट झाकण लावा.

डांबरगोळ्या टाकू नका, त्या विषारी आहेत. फिनेलसारखी जंतुनाशकं मांजराच्या पायाला लागून चाटण्यातून पोटात जातात आणि यकृताला घातक ठरतात. मुताच्या जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरनं धुवा. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास मुतासारखाच असल्यानं बोका तिथं पुन्हा खूण करतो. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध मांजरावर तर कधीच नाही, त्यानं झटके येऊन मांजर मरतं.

आजार, चावा आणि तुमची काळजी

लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसणारा पण थेंब न काढणारा बोका, तोंड उघडून धापा टाकणारं मांजर, अचानक माणसावर धावून येणारं किंवा लाळ गाळत झोकांड्या खाणारं मांजर, या तातडीच्या गोष्टी आहेत. शेवटच्या दोन लक्षणांत जवळ न जाता प्रशिक्षित माणसांना बोलवा.

पिल्लांमध्ये उलट्या-जुलाब होऊन एकामागून एक मरणं सुरू झाली तर पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा संशय घ्या. त्याचा विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो. पिंजरे एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी या मिश्रणानं, आधी मळ काढून, दहा मिनिटं ओले ठेवून धुवा. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका.

तुम्हाला चावलं किंवा बोचकारलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचे दात सुईसारखे आत जातात, वरून बारीक भोक दिसतं आणि आत जंतू राहून सांध्यापर्यंत सूज चढते. रेबीजचा निर्णय आपल्या मनानं घ्यायचा नसतो. या कामात नियमित पडणार असाल तर रेबीजची आगाऊ लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. विष्ठा हातमोजे घालून रोज उचला. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि गर्भाला धोकादायक असलेल्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी संसर्ग करायला किमान एक दिवस घेतात, म्हणून रोजची सफाई उपयोगी पडते. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

नंतर

सगळ्यांची नसबंदी झाली की कामाचा व्याप कमी होतो, पण ताटली सुटत नाही. वहीतली यादी ताजी ठेवा. ताटलीवर नवा चेहरा दिसला, कान अख्खा असला, तर आठवड्याभरात पिंजरा लावा. एकटी नवी मादी पकडणं सोपं, तिची वेतं पकडत फिरणं नाही. नवं मांजर जर लोचट, हाताळलेलं वाटलं तर ते कुणीतरी सोडून गेलंय. त्याला घर शोधा, गटात मुरू देऊ नका.

तुम्ही आजारी पडाल, बाहेरगावी जाल, घर बदलाल. म्हणून दुसऱ्या एका माणसाला सुरुवातीपासून सोबत घ्या आणि वहीची एक प्रत त्याच्याकडे असू द्या: फोटो, कान कापल्याच्या तारखा, लसी, डॉक्टरांचा नंबर, कुठली मांजरी पिंजऱ्याला शिवत नाही. पिंजरा सध्या कुणाकडे आहे तेही त्यात लिहा, नेमका हवा असतो तेव्हाच तो सापडत नाही.